दमयंतीपुढील पांच नळ

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला आणि ज्या नजरेचा अभिमान आम्हीं पस्तीस वर्षें वाहिला, तिचा गर्व एका क्षणांत उतरला. मुलांच्या वहींतील ऱ्हस्वदीर्घाची चूक हातभर अंतरावरून ओळखणारे आम्ही! प्रसंग सांगावयास थोडी लाज वाटते; तथापि आमच्या फजितीमुळें एखाद्या घरची पुंजी वांचणार असेल, तर ती लाज सोसणें हें कर्तव्यच होय.

आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतों, यजमानांच्या मागें मिळणाऱ्या पेन्शनीवर राहते. तिच्या मोबाइलवर निरोप आला कीं, आपलें खातें दोन दिवसांत बंद पडेल. सबब खालील पत्त्यावर जाऊन आपली माहिती भरावी. पत्ता इंग्रजी अक्षरांत, तिच्या बँकेच्या नांवाचा. अक्कानें मोबाइल आमच्यापुढें धरला. "तूं मास्तर ना? जरा अक्षरन् अक्षर तपासून सांग." आम्हीं चष्मा पुसला, एकेक अक्षर बोटानें तपासलें आणि पत्ता शुद्ध असल्याचा निर्वाळा दिला.

अक्कानें त्या पत्त्यावर बोट टेकतांच ब्राउझरच्या माथ्यावर बँकेचें नांव न येतां, 'एक्स-एन' या अक्षरांनीं आरंभ होणारी एक अर्थहीन ओळ उमटली. आम्ही म्हणालों, "यंत्राचा कांहीं बिघाड असेल, तूं भर पुढें." अक्का म्हणाली, "नाहीं रे बाबा. हें आपल्या बँकेचें नांव नव्हे. मी नाहीं इथें कांहीं लिहायची." आणि तिनें मोबाइल पालथा ठेवला. दुसरे दिवशीं शाखेंत चौकशी केली, तों असा निरोप बँकेनें पाठविलाच नव्हता! जिनें सातवीनंतर शाळा पाहिली नाहीं ती वांचली, आणि पंतोजी मात्र तिला खड्ड्यांत लोटावयास निघाले होते.

अक्काचा मुलगा संगणकाच्या व्यवसायांत आहे. त्यानें या मायेचा उलगडा केला, तो वाचकांपुढें ठेवितों. यंत्रास अक्षराची आकृति दिसत नाहीं, दिसतो तो त्याचा क्रमांक. जगांतील लिप्यांच्या अक्षरांस क्रमांक देणारी युनिकोड नांवाची सर्वमान्य पद्धति आहे. इंग्रजींतील लहान 'ए' हें अक्षर तींत ९७ या क्रमांकाचें. रशियन लिपींतील 'अ' हुबेहूब त्यासारखा दिसतो, पण त्याचा क्रमांक १०७२. म्हणजे डोळ्यास जें एक, तें यंत्रास दोन. ठक एखाद्या प्रसिद्ध नांवांतील एक इंग्रजी अक्षर काढून त्या जागीं त्याचा रशियन जुळा बसवितो आणि तें नांव स्वतःकरितां नोंदवून घेतो. शिंपल्याच्या ठिकाणीं रुप्याचा भास होतो, असें वेदान्ती सांगतात. परंतु शिंपला जवळून पाहिला असतां भ्रम मावळतो. येथें कितीही जवळून पाहिलें तरी भ्रम मावळत नाहीं, ही या शिंपल्याची मौज!

हा प्रकार आजचा नव्हे. महाजालावरील नांवांची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं आखली. व्यवहारांत त्या नांवांस इंग्रजीचीं २६ अक्षरें, दहा अंक आणि एक संयोगरेषा एवढींच सामग्री होती. इतर लिप्यांचीं नांवें चालावीं म्हणून २००३ सालीं नियम ठरले. त्यांची युक्ति अशी कीं, वरून नांव कोणत्याही लिपींत दिसो, आंत मात्र 'एक्स-एन' हा उपसर्ग लावून त्याचें इंग्रजी अक्षरांत रूपांतर करावयाचें. या रूपांतरास पनीकोड म्हणतात. अक्कास दिसलेली ओळ तीच. या नियमांच्या आधींच, २००२ सालीं, गॅब्रिलोविच व गोंटमाखर या दोन संशोधकांनीं मायक्रोसॉफ्टच्या नांवांत रशियन अक्षरें मिसळून तसें नांव नोंदविलें आणि हा धोका जगास दाखविला. २००५ सालीं पैशांचा व्यवहार करणाऱ्या पेपॅलच्या नांवाचा असाच जुळा अमेरिकेंत दाखविण्यांत आला. त्यावर ब्राउझरकर्त्यांनीं बंधनें घातलीं. एका नांवांत दोन लिप्यांची भेसळ दिसली कीं खरें रूप न दाखवितां पनीकोड दाखवावा, हा नियम त्यांतूनच रूढ झाला. परंतु २०१७ सालीं शुडोंग झेंग यांनीं ॲपलचें नांव सर्वच्या सर्व रशियन लिपीच्या अक्षरांत नोंदवून दाखविलें. भेसळ नाहीं, म्हणून नियमभंगही नाहीं! क्रोमनें लगोलग आपला नियम कडक केला. फायरफॉक्सच्या कर्त्यांनीं मात्र त्या वेळीं असें म्हटलें कीं, अशीं नांवें नोंदूंच न देणें हें नोंदणी करणाऱ्या संस्थांचें काम आहे.

हें ऐकतांना आम्हांस महाभारताच्या वनपर्वांतील दमयंतीचें स्वयंवर आठवलें. इंद्र, अग्नि, वरुण आणि यम हे चौघेही नळाचें रूप घेऊन बसले आणि माळ घेऊन आलेल्या दमयंतीस पांच नळ दिसले. तिची दृष्टि अधू नव्हती, प्रेम उणें नव्हतें. पण रूपावरून निवड करणें अशक्य होतें. तिनें देवांची प्रार्थना केली, तेव्हां त्यांनीं आपलीं चिन्हें प्रकट केलीं. देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भूमीस टेकले नव्हते. नळाची मात्र सावली पडली होती. यांतील मर्म हें कीं, चिन्ह दाखविणें हें रूप घेणाऱ्यांचें काम होतें. दमयंतीनें अधिक डोळे फाडून पाहावें, असें कोणीं म्हटलें नाहीं. आणि तीं चिन्हें तिला समजतील अशीं होतीं.

आतां आमचा पनीकोड पाहा. चिन्ह उमटलें होतें, ब्राउझरनें आपलें काम केलें होतें. पण तो इशारा आम्हांस यंत्राचा बिघाड वाटला! शिवाय हें चिन्ह चोरासच लागतें असें नाहीं. २७ ऑगस्ट २०१४ रोजीं आपल्या देशानें '.भारत' हें देवनागरी नामान्त सुरू केलें. मराठी, कोंकणी धरून आठ भाषांस तें खुलें झालें. या प्रामाणिक 'भारत' शब्दाचें आंतील रूपही 'एक्स-एन'नेंच आरंभ होतें, आणि असा पत्ता ब्राउझरमधून उतरवून कोणास पाठविला तर पुष्कळदां तोच सांगाडा पुढें येतो. साव आणि चोर दोघांच्याही कपाळीं एकच टिळा असेल, तर त्या टिळ्यावरून ओळखावें कोणास?

कोणी म्हणेल, रशियन अक्षरांशीं आपणांस काय करावयाचें? तर घरचेंच उदाहरण घ्या. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद आम्हीं किती पिढ्यांस शिकविला असेल! त्यांतील दुसऱ्या शब्दाचा 'ऱ्या' संगणकावर दोन तऱ्हांनीं लिहितां येतो. एक, २३५३ या क्रमांकाचा, खालीं टिंब असलेला 'ऱ' घेऊन. दुसरी, २३५२ या क्रमांकाचा साधा 'र' घेऊन त्याच्या पायमोडीपुढें एक अदृश्य सांधणारें चिन्ह घालून. खुद्द 'बँक' हा शब्दच पाहा. त्यावरील चंद्रबिंदु हें २३०५ क्रमांकाचें एकच चिन्ह असूं शकेल, किंवा २३७३ चा अर्धचंद्र आणि २३०६ चा अनुस्वार अशीं दोनही असूं शकतील. पुष्कळ टंकांत हीं रूपें डोळ्यास सारखींच दिसतात. खरें कोणतें, हें सांगण्यास कोणताही पंतोजी समर्थ नाहीं.

मग मराठी नांवांचा नादच सोडावा काय? आमचें मत तसें नाहीं. इंग्रजी न येणाऱ्या माउलीस आपल्या लिपींत दुकानाचें, दवाखान्याचें, बँकेचें नांव वाचण्याचा पुरा अधिकार आहे. चोराच्या भयानें दारच भिंत घालून बुजविलें, तर चोर बाहेर राहतो खरा. पण घरधनीही बाहेरच राहतो. उपाय नांव देतांना झाला पाहिजे. एक रूप कोणास दिलें कीं त्याचा जुळा दुसऱ्या कोणास मिळूं नये. नोंदणीच्या वेळीं हात आवरला, तर पुढें काय साधतें याचा नमुना आहेच. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं सर्व बँकांस ३१ ऑक्टोबरपूर्वीं '.बँक.इन' या इंग्रजी अक्षरांतील नामान्ताखालीं येण्यास फर्माविलें, आणि तो नामान्त खऱ्या बँकांसाठींच राखून ठेविला. ब्राउझरनेंही सांगाडा दाखवून गप्प न बसतां, "हें नांव अमक्यासारखें दिसतें, पण तें नव्हे" असें वाचणाऱ्याच्या भाषेंत सांगावें.

तोंपर्यंत गृहस्थाश्रमी माणसानें चार गोष्टी पाळाव्या. निरोपांतून आलेल्या पत्त्यावरून बँकेंत जाऊं नये. पासबुकावरून किंवा शाखेंतून पत्ता मिळवून स्वतः टंकावा आणि ब्राउझरमध्यें खूण करून ठेवावा. पासवर्ड ब्राउझरच्या पेटींत ठेवला असेल आणि नेहमींच्या ठिकाणीं तो आपोआप भरला गेला नाहीं, तर तेथेंच थांबावें. ती पेटी रूप पाहत नाहीं, क्रमांक पाहते. कुलपाच्या चिन्हावर विसंबूं नये. आपलें बोलणें वाटेंत कोणी ऐकत नाहीं एवढेंच तें सांगतें, पलीकडचा मनुष्य सज्जन आहे असें सांगत नाहीं. आणि दुर्दैवानें पैसे गेलेच, तर लाज न धरतां तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

अक्कास आम्हीं विचारलें, "तुला कसें ग कळलें?" ती म्हणाली, "मला काय कळायचंय? कळलं नाहीं, म्हणूनच थांबलें." आम्हांस कळत नव्हतें आणि तरीही आम्ही थांबलों नव्हतों. पासबुकाच्या पहिल्या पानावर बँकेचा पत्ता आतां तिनें आपल्या हातानें लिहून ठेविला आहे. आणि कोणी मोबाइल पुढें करून "जरा तपासून सांगा" म्हणालें, तर आम्ही चष्मा न काढतां तें पान दाखवितों.