तो सांगाडा कोणाचा?

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा रस्ता हुणसूरमधून जातो. पुढे पिरियापट्टण तालुका लागतो, त्यानंतर कुशालनगर. बँकेच्या नोकरीमुळे मी हुणसूरला राहतो. याच रस्त्यावर घडलेलं एक प्रकरण एप्रिल २०२५ मध्ये देशभर गाजलं आणि महिन्याभरात विसरलंही गेलं. आपण, म्हणजे घरात पहिल्यांदा पदवी आणणाऱ्यांनी, ते विसरून चालणार नाही.

कुशालनगरजवळच्या एका आदिवासी माणसाची बायको २०२० मध्ये बेपत्ता झाली. तक्रार त्यानेच पोलिसांत दिली. पुढे पिरियापट्टण तालुक्यात, बेट्टदपूर पोलिसांच्या हद्दीत, एक सांगाडा सापडला. पोलिसांनी दोन कागद एकमेकांना जोडले. इकडे बेपत्ता बाई, तिकडे सांगाडा, म्हणजे नवऱ्यानेच मारलं! तो तुरुंगात गेला, आरोपपत्रही दाखल झालं. सासूच्या रक्ताशी डीएनए जुळवून पाहिला तर तो जुळला नाही. तरीही खटला चालूच राहिला. दीड-दोन वर्षं माणूस आत होता. शेवटी ती बाई मडिकेरीत जिवंत दिसली, तिला न्यायालयात हजर केलं गेलं आणि म्हैसूरच्या सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. गृह खात्याने एक लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

वर्तमानपत्रांनी याला ‘पोलिसांचा हलगर्जीपणा’ म्हटलं. हा शब्द मला मान्य नाही. हलगर्जीपणा कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. इथे मात्र तो नेमका कोणाच्या वाट्याला आला, ते बघा. ज्याच्यासाठी ठाण्यात आमदाराचा फोन येणार नाही, ज्याचा वकील पहिल्या दिवशी उभा राहणार नाही, ज्याच्या समाजाला गुन्हेगार मानायला पुराव्याची गरज पडत नाही, अशाच्या वाट्याला. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण ठाण्यातली नजर रद्द झाली नाही. आपल्याकडच्या कुठल्याही पारधी कुटुंबाला विचारा.

आता तपास कसा व्हायला हवा ते पाहू, कारण अन्याय त्या कामाच्या बारकाव्यांतच लपतो. घटनास्थळ आधी दोरी लावून बंद करायचं. काहीही हलवण्याआधी फोटो काढायचे: लांबून, मधून आणि जवळून, जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवून. मोजमापांसह नकाशा काढायचा. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, लेबल आणि सील लावून. ते पाकीट कोणी, कधी, कोणाच्या हाती दिलं याची नोंद प्रयोगशाळेपर्यंत अखंड हवी. सांगाडा असेल तर पहिला प्रश्न ‘कोणी मारलं?’ हा नसतोच. पहिला प्रश्न असतो ‘हा कोण?’. कमरेच्या हाडांवरून लिंग, दातांवरून वयाचा अंदाज, मांडीच्या हाडावरून उंची, आणि मग डीएनए. उत्तर मिळालं की मगच आरोपी शोधायचा. इथे आरोपी आधी मिळाला आणि सांगाडा त्याच्या मापाचा करून घेतला गेला.

या सगळ्या कामाचा पाया म्हणजे पंचनामा. आणि पंचनाम्यात जात कायद्याच्या भाषेतूनच शिरते. झडतीच्या वेळी ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित’ रहिवासी पंच म्हणून घ्यावेत, मरणोत्तर पंचनाम्याला शेजारचे दोन किंवा अधिक ‘प्रतिष्ठित’ रहिवासी हवेत, असं कायदा म्हणतो. १८९८च्या संहितेत ‘प्रतिष्ठित’ होतं, १९७३च्या संहितेत राहिलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम १०३ आणि १९४ मध्ये, ते तसंच आहे. इंग्रज गेले, संहितेचं नाव बदललं, पण हा शब्द कोणाला खटकला नाही.

आता गावात प्रतिष्ठित कोण, ते मी सांगायला नको. आमच्या गावात विहिरीत प्रेत तरंगलं की हाक आमच्या वस्तीला यायची. प्रेत बाहेर काढायचं आमच्या माणसांनी, रात्रभर राखण करायची आमच्या माणसांनी. सकाळी साहेब आले की खुर्ची पाटलाच्या ओट्यावर मांडली जायची आणि सहीला दोन ‘प्रतिष्ठित’ यायचे, ज्यांनी प्रेताकडे धड पाहिलेलंही नसायचं. माझे वडील सातवी शिकलेले, त्यांचं अक्षर वळणदार. त्यांनी कितीतरी प्रेतं उचलली, पण पंच म्हणून त्यांना एकदाही कोणी बोलावलं नाही. सर्वात जवळून पाहणारा माणूस साक्षीदार नाही आणि दुरून सही करणारा पंच! याला तपास म्हणायचं?

हीच लेखणी उलट्या दिशेनेही चालते. आपला माणूस आरोपी असला तर नसलेला पुरावा उगवतो, आणि आपला माणूस मेलेला असला तर असलेला पुरावा वाहून जातो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिल्या शवविच्छेदनात इतकी कसूर झाली की पुरलेले मृतदेह पुन्हा बाहेर काढावे लागले. तोवर शरीराने जे सांगायचं ते सांगण्याची वेळ निघून गेली होती. तपास सीबीआयकडे गेला, खुनासाठी शिक्षाही झाल्या. पण २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयात आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयात अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा टिकला नाही. अख्ख्या देशाला दिसलेली जात कागदावर दिसली नाही. पहिल्या दिवशी जे लिहिलं जात नाही, ते न्यायालयात सिद्ध करणं फार अवघड असतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपण निकालाच्या दिवशी मोर्चा काढतो, पण लढाई पंचनाम्याच्या दिवशीच अर्धी हरलेली असते. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलं, आणि मग तळं कोणाच्या मालकीचं हा वाद कागदपत्रांनिशी उच्च न्यायालयापर्यंत लढवून १९३७ मध्ये जिंकला. सत्याग्रह आणि कागद, दोन्ही. आपण पहिलं जपलं, दुसरं वकिलांवर सोडून दिलं.

कागद आपल्या बाजूचा आहे, तो वाचायला हवा. अॅट्रॉसिटीच्या १९९५च्या नियमांपैकी नियम ६ प्रमाणे दंडाधिकाऱ्याने किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने स्वतः घटनास्थळी येऊन नुकसानीचा अहवाल करायचा असतो. नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. नव्या संहितेचं कलम १०५ झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक करतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं, असं कलम १७६ म्हणतं, पण त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. ही पाच वर्षं कोणाच्या प्रेतांवरून जाणार?

तुम्ही इंजिनिअर असाल, नर्स असाल, तलाठी असाल, बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षेच्या रांगेत असाल. वस्तीत काही घडलं तर पोहोचा. काहीही हलवू देऊ नका, स्वतःही हलवू नका. अडथळा न आणता लांबून, वेळ दिसेल असे फोटो काढा. पंच म्हणून नाव द्या, आणि नाकारलं तर ते नाकारणंही अर्जात लिहून पोचपावती घ्या. वाचल्याशिवाय सही करू नका आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागा. ‘प्रतिष्ठित’ या शब्दाचा अर्थ आपल्या पदवीने बदलत नसेल, तर ती पदवी फक्त भिंतीवर टांगायला आहे.

आणि बेट्टदपूरच्या त्या सांगाड्याचं काय? आदिवासी माणूस सुटला, त्याची बायको जिवंत निघाली, बातमी संपली. पण हाडं तर खरी होती. कोणीतरी मेलं होतं, कदाचित मारलं गेलं होतं. आरोपी आयता मिळाल्यामुळे ज्याचं नाव शोधायची कोणाला गरजच वाटली नाही, तो माणूसही बहुधा प्रतिष्ठित नसणार. त्याचाही पंचनामा मागणारं कोणीतरी हवं.

जय भीम.