चौथे वर्ष आणि बमरोलीची मुले

सुरतेच्या बमरोलीत, पांडेसरा-उधन्यात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मागावर आणि रंगाईच्या मिलमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करून मुलांना पदवीपर्यंत आणतात. अशा घरातील मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए. होते आणि ‘आणखी एक वर्ष संशोधन’ म्हणते, तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा येतो. वर्षभराचा पगार बुडणार, तो काही सरकार भरून देत नाही.

तरीही हिशेब नीट मांडला पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणाखाली गुजरातमध्ये २०२३ साली पदवीला गेलेल्यांची तीन वर्षे २०२६ मध्ये पुरी होतात. तेथे थांबता येते. नोकरी धरणाऱ्याने खुशाल थांबावे. मात्र पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील, तर चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहून संशोधनासह ऑनर्स घेता येते आणि पुढचे एम.ए. दोनऐवजी एकाच वर्षात होते. ज्याला एम.ए. करायचेच आहे, त्याचे वर्ष वाया जातच नाही! शिवाय या पदवीला ७५ टक्के मिळाल्यास पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही पात्रता येते.

ही ७५ची अट आम्हाला खटकते. पालिकेच्या मराठी शाळेतून येऊन गुजरातीत पेपर लिहिणाऱ्याचे दोन-चार टक्के भाषेतच गळतात. त्याची कुवत त्यामुळे कमी ठरत नाही.

उलट त्याच्यापाशी इतरांजवळ नसलेले भांडवल आहे. हॉलंडचे यान ब्रेमन १९६२ पासून दक्षिण गुजरातच्या मजुरांत हिंडले, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. आय. पी. देसाई यांनी १९६९ साली स्थापन केलेले समाजविज्ञान केंद्र सुरतेच्या विद्यापीठाच्या आवारातच आहे. पण मागवाल्याला अहिराणीत प्रश्न विचारणारा संशोधक त्याच्याच गल्लीतून निघायला हवा. ग्रिअर्सनने खानदेशीला भिल्ली बोलींच्या खंडात बसवले. २०११च्या जनगणनेत ती हिंदीखाली मोजलेल्या बोलींत नाही, स्वतंत्र भाषा म्हणून आहे. मग बमरोलीतली माणसे प्रगणकाला मातृभाषा कोणती सांगतात? मराठी, अहिराणी की गुजराती? आणि का? वर्षभराला पुरेल एवढा हा विषय घराच्या उंबऱ्यावर पडला आहे.

एक सूचना मात्र अर्ज भरण्याआधीच. संशोधनाचे हे वर्ष चालवणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असावेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. पालकांनी कॉलेजात जाऊन त्यांची नावे विचारावीत. नावे सांगता आली नाहीत, तर थेट विद्यापीठाच्या विभागात चौकशी करावी.