अपघातानंतरची सक्ती

बोइंग ७८७ आणि ७३७ जातीच्या आपल्या सर्व विमानांमधील इंधन स्विचची तपासणी पूर्ण झाली, त्यांच्या लॉकमध्ये कोठेही दोष आढळला नाही, असे एअर इंडियाने २२ जुलै २०२५ रोजी जाहीर केले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १४ जुलैला या तपासणीचा आदेश काढून २१ जुलैची मुदत घातली होती. मुदत पाळली गेली, आणि अहमदाबादच्या अपघातानंतर महिनाभर ड्रीमलायनरमध्ये, म्हणजे ७८७ मध्ये, पाऊल ठेवताना ज्यांच्या पोटात गोळा येत होता त्यांना थोडा धीर आला. चांगलेच झाले. मात्र जे काम आठवड्यात उरकता आले ते साडेसहा वर्षे का पडून राहिले, याचे उत्तर या घोषणेत नाही.

साडेसहा वर्षांचा हिशेब असा. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था असलेल्या एफएएने १७ डिसेंबर २०१८ रोजी एक माहितीपत्रक काढले. काही विमानांत इंधन स्विच बसवले गेले तेव्हाच त्यांचे लॉक सुटलेले होते, असे ७३७ वापरणाऱ्या कंपन्यांनी कळवले होते. त्याच घडणीचे स्विच बोइंगच्या इतर अनेक जातींत होते आणि ७८७ त्यांपैकी एक. स्विच तपासा, लॉक सुटलेले दिसले तर स्विच बदला, असे पत्रकाने सांगितले. सक्तीचा आदेश काढावा इतकी ही स्थिती धोकादायक नाही, हेही त्यातच नोंदवले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत कोसळलेल्या एअर इंडियाच्या ७८७ विमानातला स्विच याच पत्रकाच्या कक्षेत येणारा होता. विमान अपघात तपास विभागाने १२ जुलैला प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अहवालात या तपासणीबाबत कंपनीचे म्हणणे एका वाक्यात आहे. पत्रक सल्ल्याचे होते, सक्तीचे नव्हते, म्हणून सुचवलेली तपासणी केली नाही, असे कंपनीने कळवले आहे. नियमावर बोट ठेवून पाहिले तर या उत्तरात काही गैर नाही. अडचण तीच आहे.

मुळात ही तपासणी किती मोठी? ७८७च्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मधोमध थ्रॉटलचे दांडे असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूला दोन आखूड स्विच. प्रत्येक इंजिनाला एक. ‘रन’वर असेल तर इंजिनाला इंधन जाते, ‘कटऑफ’वर नेला की बंद होते. धक्का लागून तो सरकू नये म्हणून त्याच्या वाटेत खाच ठेवलेली असते. स्विचची मूठ आधी वर ओढायची, खाच ओलांडायची, मगच तो पलीकडे जातो. घरच्या शेगडीची कळ दाबल्याशिवाय फिरत नाही, तशीच ही सोय. शिवाय दोन्ही बाजूंना धातूची आडोशाची पट्टी. पत्रकाने सांगितलेली तपासणी म्हणजे इंजिनिअरने विमान जमिनीवर असताना कॉकपिटमध्ये जायचे आणि मूठ न उचलता स्विच सरकतो का ते पाहायचे. सरकला तर लॉक नाही, स्विच बदला. सरकला नाही तर तशी नोंद करा, सही करा, पुढच्या कामाला लागा. यासाठी इंजिन उतरवावे लागत नाही की विमान आठवडाभर हँगरमध्ये अडकत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्विचच्या लॉकमधला दोष आणि तो अपघात यांचे नाते प्राथमिक अहवालाने सिद्ध केलेले नाही. प्राथमिक अहवाल एवढेच सांगतो की, दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ३९ सेकंदांनी विमानाने जमीन सोडली आणि तीनच सेकंदांनी दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’वर गेले. तू इंधन का तोडलेस, असे एक वैमानिक विचारतो. मी तोडले नाही, असे दुसरा सांगतो. दहा सेकंदांनी पहिला स्विच आणि आणखी चार सेकंदांनी दुसरा पुन्हा ‘रन’वर आला. इंजिने पुन्हा पेटू लागली होती. पण तेवढी उंची हाताशी नव्हती. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरच्या १९ जणांसह २६० जीव गेले. मृत कर्मचाऱ्यांमध्ये मुंबई, डोंबिवली, पनवेल या भागांतली माणसेही होती. अशा वेळी कोणी वैमानिकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, कोणी स्विचला. अपघाताचा तपास दोष वाटून देण्यासाठी नसतो, पुन्हा तसे घडू नये म्हणून असतो, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या तेराव्या परिशिष्टातच लिहिलेले आहे. तपास पूर्ण होईपर्यंत निकाल देण्याची घाई कोणी करू नये.

बैल गेला नि झोपा केला, असे म्हणावे तर या तपासणीत झोपा सगळीकडे शाबूत निघाला. मग ही कसरत वाया गेली काय? मुळीच नाही. ती उशिरा झाली, एवढेच. जुलैत तपासलेल्या विमानांचे स्विच ठणठणीत निघाले, यावरून जळून गेलेल्या विमानाच्या स्विचबद्दल काहीच सांगता येत नाही. हे स्विच ज्यात बसवलेले असतात तो त्या विमानाचा थ्रॉटल कंट्रोल मॉड्यूल २०१९ आणि २०२३ मध्ये बदलला होता आणि कारण स्विचशी संबंधित नव्हते, असे अहवाल म्हणतो. २०२३ नंतर स्विचबद्दल तक्रारही नव्हती. त्या दोन वेळांपैकी एकदा जरी कोणी मूठ न उचलता स्विच ढकलून पाहिला असता आणि ‘लॉक ठीक’ असे दोन शब्द लिहून ठेवले असते, तर तपास करणाऱ्यांच्या समोरचा एक प्रश्न आज निम्मा झाला असता. मृतांच्या घरच्यांना छळणारी एक शंका कमी झाली असती. ज्या तपासणीत काही सापडत नाही तीही पुराव्याच्या मोलाची असते, पण वेळेवर केली तरच.

सल्ला आधी आणि सक्ती नंतर, ही केवळ भारतीय रीत नाही. ३० जून १९८७ रोजी लॉस एंजेलिसहून निघालेल्या डेल्टा एअरलाइन्सच्या ७६७ विमानात वैमानिकाने चुकून दोन्ही इंजिनांचे इंधन तोडले. विमान समुद्राच्या बरेच जवळ आल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि सगळे वाचले. त्यानंतर एफएएने चुकीचा स्विच हाताला लागू नये म्हणून मध्ये आडोसा बसवणे सक्तीचे केले. चार वर्षांनी, २६ मे १९९१ रोजी, लौडा एअरचे ७६७ बँकॉकहून उडाल्यावर थोड्याच वेळात एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर हवेतच उघडला. जमिनीवर विमान थांबवण्यासाठी असलेले हे यंत्र आकाशात उघडले, विमान तुटले आणि २२३ जण गेले. या यंत्रणेत बिघाड असल्याचे संदेश त्या विमानात आधीही पुन्हा पुन्हा येत होते. अपघातानंतर रिव्हर्सरला आणखी एक स्वतंत्र लॉक बसवणे बंधनकारक झाले.

तिसरे उदाहरण तर घड्याळ लावून पाहावे असे. ऑगस्ट २०१६ मध्ये साउथवेस्ट एअरलाइन्सच्या ७३७ विमानाच्या इंजिनाचे फॅन ब्लेड हवेत तुटले. विमान सुखरूप उतरले. इंजिन बनवणाऱ्या कंपनीने २०१७ मध्ये जुन्या ब्लेडची अल्ट्रासोनिक तपासणी करा, अशी शिफारस केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एफएएने ती सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला, हरकती-सूचना मागवल्या आणि प्रस्ताव प्रस्तावच राहिला. १७ एप्रिल २०१८ रोजी त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाचे, त्याच जातीच्या इंजिनाचे ब्लेड तुटले. तुकड्यांनी खिडकी फुटली आणि एक प्रवासी स्त्री दगावली. तिसऱ्या दिवशी, २० एप्रिलला, तातडीचा सक्तीचा आदेश निघाला. दीड वर्षात न जमलेले तीन दिवसांत झाले. नियामक यंत्रणांना वेग येतो तो बहुधा असा, आणि अहमदाबादनंतर आपल्याला आलेला वेगही त्याच जातीचा आहे.

यावर सगळेच सक्तीचे करून टाका, असा सोपा तोडगा सुचतो. तो घातक ठरेल. उत्पादक कंपन्या आणि परदेशी नियामक यांच्याकडून सूचनांचा ओघ सतत चालू असतो. त्यांतल्या प्रत्येकीवर आदेशाचा शिक्का मारला तर हँगरमधला माणूस कशाकडे आधी पाहणार? आदेशांची गर्दी झाली की सही हाच कामाचा शेवट होऊन बसतो, आणि खरा धोका त्या गर्दीत हरवतो. सल्ला आणि आदेश हा भेद विचार करून केलेला आहे आणि तो राहिला पाहिजे. मात्र सल्ल्याला उत्तरच न देण्याची मुभा या भेदातून कोणी घेऊ नये.

शिवाय सक्ती झाली म्हणून काम झालेच, असेही नाही. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका एअरबस ए३२० विमानाच्या इंजिनातील काही भाग युरोपीय नियामकाच्या सक्तीच्या आदेशाप्रमाणे वेळेत बदलले गेले नाहीत, आणि ते बदलल्यासारखे दिसावे म्हणून नोंदी फिरवल्या गेल्या, असा ठपका डीजीसीएने मार्च २०२५ मध्येच ठेवला होता. ही बातमी अहमदाबादच्या अपघातानंतर जुलैच्या सुरुवातीला बाहेर आली. चूक झाल्याचे कंपनीने मान्य केले आणि सुधारणा केल्याचे सांगितले. म्हणजे इथे आदेश होता, मुदत होती, नोंदही होती. फक्त नोंद खरी नव्हती. नोंद खरी असली तरी तेवढ्याने भागत नाही. इंडोनेशियात जानेवारी २०२१ मध्ये श्रीविजया एअरचे ७३७ समुद्रात कोसळून ६२ जण गेले. इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणाऱ्या त्याच्या ऑटोथ्रॉटलच्या तक्रारी वर्षानुवर्षे टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, येत होत्या. दर वेळी कनेक्टर साफ केले, चाचणी केली, काम संपल्याची सही झाली. तक्रार परत यायची. मूळ दोष शोधायला कोणी थांबले नाही. तिथे तपासणी वारंवार झाली, उलगडा मात्र कधीच झाला नाही.

आपल्याकडचे चित्र फार निराळे नाही. अहमदाबादनंतर दिल्ली, मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर डीजीसीएने रात्री-पहाटे केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २४ जूनला प्रसिद्ध झाले. नोंदवलेले बिघाड विमानांत पुन्हा पुन्हा उद्भवतात, देखभाल करताना इंजिनिअर वर्क ऑर्डर पाळत नाहीत, अवजारांच्या हिशेबाची पद्धत सांभाळली जात नाही. नादुरुस्त थ्रस्ट रिव्हर्सर आणि फ्लॅपचा दांडा लॉक केलेले आढळले नाहीत. लौडा एअरच्या अपघाताला चौतीस वर्षे झाली तरी हे. निष्कर्षांत कंपन्यांची नावे नव्हती. ज्या कंपनीच्या विमानात आपण पुढच्या आठवड्यात बसणार तिचा ताफा यात आहे की नाही, हे प्रवाशाला कळायला मार्ग नव्हता.

या त्रुटी राहतात किंवा पकडल्या जातात त्या कुठे, तेही पाहू. पहाटे विमान निघायचे असते. रात्रपाळीच्या इंजिनिअरच्या हातात टेक लॉग, त्यात आधीच्या वैमानिकाने लिहिलेले दोन-तीन स्नॅग म्हणजे बिघाड, बाहेर वेळेचे गणित घेऊन बसलेले ऑपरेशन्सचे लोक. विमान उडायला योग्य आहे, अशी सही त्याने केल्याशिवाय ते हलत नाही. कायद्याने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला दिलेला आहे. तो वापरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे खुलासा मागितला जातो की शाबासकी मिळते, यावर त्या कंपनीची सुरक्षितता ठरते. दिल्लीहून निघालेला कोणताही आदेश अखेर या एका माणसाच्या टेबलापाशी येऊन थांबतो.

म्हणून १४ जुलैचा आदेश हा शेवट मानू नये. डीजीसीएने तीन गोष्टी करायला हव्यात. पहिली, सुरक्षेविषयीच्या प्रत्येक सल्ल्याला कंपनीचे लेखी उत्तर बंधनकारक करावे. तपासणी केली असेल तर तारीख आणि निष्पन्न, केली नसेल तर का नाही, आणि ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे पद. सल्ला पाळायचा की नाही, हे कंपनीने ठरवावे. पण ठरवल्याची नोंद असली पाहिजे. दुसरी, एकच बिघाड ठरावीक वेळांहून अधिक परतला तर ते विमान वरिष्ठांच्या वेगळ्या तपासणीशिवाय सोडू नये. तिसरी, पाहणीचे निष्कर्ष कंपनीच्या नावासह प्रसिद्ध करावेत. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. भारतीय वायुयान अधिनियम जानेवारी २०२५ पासून लागू आहे आणि अधिकार पुरेसे आहेत. लागतात ती माणसे. डीजीसीएतील मंजूर पदांपैकी निम्म्याहून अधिक रिकामी होती, हे संसदेच्या स्थायी समितीने अपघाताच्या आधी, मार्च २०२५ मध्येच, सांगून ठेवले होते. तोही एक सल्लाच होता.

अपघाताचा अंतिम अहवाल येईल तेव्हा दोष स्विचचा निघेल, माणसाचा निघेल किंवा आज कोणाच्या मनात नसलेला तिसराच निघेल. निष्कर्ष काहीही असो, ‘ते सक्तीचे नव्हते’ हे वाक्य यापुढे भारतातल्या कोणत्याही तपास अहवालात उत्तर म्हणून लिहिले जाता कामा नये. तेवढी व्यवस्था सरकारने अंतिम अहवालाची वाट न पाहता आजच करावी.