धुण्याला शून्य लिटर



देवनार हे नाव आपल्याकडे माहीत आहे ते जनावरांच्या बाजारामुळे. मुंबई महापालिकेचा कत्तलखाना तेथे १९७१ पासून आहे आणि बकरी ईदच्या आधी खेड्यापाड्यांतले बोकड ट्रक भरभरून तेथे जातात. त्याच देवनारात देशभरच्या घरांची मोजदाद करणारी एक मोठी संस्थाही आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे तिचे नाव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम १९९२-९३ पासून तिच्याकडे आहे. पाचवी पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. पाहणीवाला दारात येतो. पिण्याचे पाणी कोठून आणता, जाऊन यायला किती वेळ लागतो, कोण आणते, हे विचारतो. घरात टीव्ही, फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र आहे का, हेही विचारतो. यंत्र नसेल तर 'नाही' अशी खूण करून पुढच्या प्रश्नाकडे जातो. मग या घरातल्या बारा माणसांचे कपडे कोण धुते, कोठे धुते, किती पाण्यात धुते? त्याला रकाना नाही.

रकाना नाही म्हणजे हिशेब नाही आणि हिशेब नाही म्हणजे दाम नाही. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसताना आम्ही हेच शिकलो. आता तोच हिशेब आपल्या मोरीवर, आडावर आणि ओढ्याच्या दगडावर मांडायचा आहे.

चाळीस लिटरची वाटणी

१९७२-७३ मध्ये, दुष्काळाच्या त्या साली, केंद्र सरकारने गावांसाठी वेगवर्धित पाणीपुरवठा कार्यक्रम आणला. त्या कार्यक्रमाने गावच्या माणसाला दररोज ४० लिटर पाणी ठरवून दिले. त्याची वाटणीही कागदावर केली: पिण्याला ३ लिटर, स्वयंपाकाला ५, आंघोळीला १५, भांडी आणि घर धुण्याला ७, शौचाला १०. बेरीज करून पाहा. बरोबर ४० भरते. कपड्यांचे धुणे त्यात कोठेच नाही.

आता शहराचा कागद काढा. भारतीय मानकाप्रमाणे शहरातल्या माणसाला दररोज १३५ लिटर. पिण्याला ५, स्वयंपाकाला ५, आंघोळीला ५५, शौचकुपाला ३०, घर धुण्याला १०, भांड्यांना १० आणि कपडे धुण्याला २०. म्हणजे शहरातल्या माणसाचा सदरा मळतो हे सरकारला ठाऊक आहे. शेतकऱ्याचा सदरा मळतो हे त्याच सरकारच्या कागदाला ठाऊक नाही. जो दिवसभर टेबलामागे बसतो त्याच्या कपड्याला वीस लिटर आणि जो काळ्या रानात गुडघाभर चिखलात उभा राहतो त्याला शून्य!

कोणी म्हणेल, गावच्या बाया नदीवर धुतात, त्यांना वेगळे पाणी कशाला? त्याने एकदा संक्रांतीनंतर आमच्या मुलखात यावे. कोरडवाहू भागातले ओढे तोवर आटलेले असतात. होळीपर्यंत बंधाऱ्यात डबके उरते, त्यात म्हशी बसलेल्या असतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत, विहिरीला पाणी असते तेही खारट. त्यात साबणाला फेस धरत नाही. साबण दुप्पट जातो, हात दुप्पट झिजतात आणि कपडा पांढरट, कडक होऊन वाळतो.

कोणी असेही म्हणेल की ४० लिटरची गोष्ट जुनी झाली. झाली खरी. २०१९ च्या जल जीवन मिशनचा आकडा ५५ आहे. वाढ किती? १५ लिटर. ती सगळीच्या सगळी धुण्याला दिली तरी शहराच्या वीस लिटरला ५ कमीच पडतात. आणि नळाची तोटी बसली म्हणजे चैत्रात तिला पाणी आले असे कोणत्या गावाने समजावे?

देवनारला जाऊनही शून्यच

म्हणून मुंबई सुखात आहे, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईचे पाणी येते तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून. ज्या शहापूर तालुक्याच्या उशाला ही धरणे आहेत, त्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. आणि देवनारला, १९२७ पासूनच्या कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, ज्या झोपड्या आहेत त्यांत मराठवाडा-विदर्भातून दुष्काळाने उठून गेलेली आपलीच माणसे आहेत. त्यांच्या कितीतरी गल्ल्यांत पाणी पिंपाने विकत घ्यावे लागते. झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावे लागले. गावात धुण्याला पाणी नव्हते म्हणून मुंबई गाठलेल्या बाईला देवनारातही ते १३५ लिटर भेटत नाहीत. इंडियाची हद्द ऑक्ट्रॉय नाक्यावर कधीच नव्हती. ती अशा गल्लीच्या तोंडाशी असते.

पण त्याच भागाची दुसरी बाजूही पाहा. देवनारच्या शेजारी घाटकोपरच्या आझाद नगरात २०१६ मध्ये महापालिका आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांनी मिळून एक सुविधा केंद्र उभे केले. शौचालय, न्हाणी, पिण्याचे पाणी आणि कपडे धुण्याची यंत्रे एका छपराखाली. आंघोळीचे आणि धुण्याचे वापरलेले पाणी शुद्ध करून शौचालयात वापरतात. लोक पैसे मोजतात आणि सेवा घेतात. म्हणजे मनात आले तर धुणे ही सार्वजनिक सोय होऊ शकते. गावात ती कोणाच्या मनात आलेली नाही, एवढेच.

बारा माणसांचे धुणे

ज्यांनी कधी केले नाही त्यांना धुणे म्हणजे बडवणे वाटते. एकत्र कुटुंबातल्या धुण्याचे अर्धे काम बडवण्याआधीच होते. तान्ह्याची दुपटी वेगळी, बाळंतिणीचे वेगळे, आजाऱ्याचे अंथरूण वेगळे, शाळेचे पांढरे वेगळे, रंग सोडणारे नवे लुगडे वेगळे. सासऱ्याचे धोतर निळीत जायचे. रानातले कपडे सोड्यात भिजायचे. आपली काळी माती अतिशय बारीक कणांची, पाणी प्याली की फुगणारी. ती सुताच्या धाग्यांत शिरून बसते आणि एका पाण्याने निघत नाही. वेचणीच्या लुगड्याला माव्याचा चिकटा असतो. ज्वारी काढून आलेल्या कपड्यांतली कूस झटकल्याशिवाय पाण्यात घातली तर सगळ्या धुण्यात पसरते आणि दुसऱ्या दिवशी घरभर अंग खाजते. नवरात्राच्या तोंडावर घरातल्या सगळ्या गोधड्या निघतात. त्याच दिवसांत कापसावर फवारणी चालू असते.

शहराच्या मापाने माणशी २० लिटर धरले तर बारा माणसांच्या धुण्याला २४० लिटर लागतात. पंधरा लिटरचा हंडा धरा, सोळा खेपा झाल्या. त्या जुन्या कार्यक्रमाच्या नियमात १.६ किलोमीटरच्या आत पाणी असले की गावाला पाणी आहे असे समजत आणि अडीचशे माणसांना एक हापसा पुरतो असे धरत. एवढ्या लांबून सोळा हंडे कोण आणील? म्हणून पाणी धुण्याकडे येत नाही, धुणेच पाण्याकडे जाते. जाताना कोरडे गाठोडे आणि येताना ओल्या पिळ्यांनी दुप्पट जड झालेले.

विषाची बादली

येथवर कोणी म्हणेल, कष्ट आहेत, पण आपल्या आयाबायांनी ते जन्मभर काढले. त्याने पुढचे लक्ष देऊन वाचावे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, पंप पाठीवर गळणारा, फवारा अंगावर येणारा. चौकशी झाली ती फवारणाऱ्याची. त्याच्या अंगावरचा सदरा संध्याकाळी कोणाच्या हातात गेला, हे कोणी विचारले नाही. तो जातो घरातल्या धाकट्या सुनेच्या हातात. तिला दिवस गेलेले असतील, तिचे मूल अंगावर पीत असेल. पाणी तीनच बादल्या असेल तर तो सदरा आणि तान्ह्याचे दुपटे एकाच बादलीत पडते.

कृषिशास्त्र याविषयी स्पष्ट आहे. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. ते त्याच दिवशी धुवावेत. आधी नुसत्या पाण्यात खळखळावेत, मग साबणाने, जमल्यास गरम पाण्याने धुवावेत, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावेत. धुणाऱ्याच्या हातात रबरी मोजे हवेत. कपडे कडक उन्हात वाळवावेत. बादली शेवटी पुन्हा धुवावी. पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये. बाटलीतले मूळ औषध ज्या कपड्यावर सांडले तो कपडा धुण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावा, कारण तेलकट औषधे सुतात रुतून बसतात आणि एका धुण्याने निघत नाहीत.

आता हिशेब करा. खळखळण्याची एक, साबणाची एक आणि स्वच्छ पाण्याच्या दोन, अशा पंधरा लिटरच्या चार बादल्या. एका माणसाच्या एका जोडीला ६० लिटर! औषधाच्या डब्यावर बारीक अक्षरात 'कपडे वेगळे धुवा' असे छापणे सोपे आहे. पाण्याच्या कागदावर त्यासाठी शून्य लिटर ठेवायचे आणि मग शेतकरी अडाणी आहे, काळजी घेत नाही असे म्हणायचे, ही शुद्ध लबाडी आहे.

सदऱ्याची झीज

कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कारखाने कायद्याने हातपाय धुण्याची सोय आणि ओले कपडे वाळवण्याची जागा मिळाली. सरकारी शिपायाला गणवेशाबरोबर धुलाई भत्ता मिळत आला. केंद्राने तो २०१७ मध्ये पोशाख भत्त्यात मिळवून टाकला. शिपायाला भत्ता मिळतो याचे आम्हाला दुःख नाही. त्याचा कपडा कामाने मळतो, कामाने मळलेला कपडा धुण्याचा खर्च मालकाने द्यावा, हे तत्त्व रास्तच आहे. मग कापसाच्या उत्पादनखर्चात ते तत्त्व कोठे जाते?

कृषिमूल्य आयोग खर्च काढताना बैलाचा चारा धरतो, औताची झीज धरतो, घरच्या माणसांची रानातली मजुरी धरतो. ज्याला ए-२ अधिक एफएल म्हणतात तो खर्च हाच. त्याच्या दीडपट भाव दिला असे सरकार २०१८ पासून सांगते. घरची मजुरी त्यात बांधावर संपते. तोच माणूस उद्या पुन्हा रानात उभा राहावा म्हणून घरात जे राबणे होते ते त्या खर्चात कोठेच नाही. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसले की घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते. वर्षाला आठ तासांचे २२७ दिवस होतात. २०२४ च्या पाहणीत हा आकडा २८९ झाला. पाच वर्षांत दहा मिनिटांची सुटका! आणि सरकारच्या रोजगार पाहणीत अशाच बाईची नोंद होते सांकेतांक ९२ किंवा ९३ खाली: घरगुती कामात गुंतलेली, म्हणजे काम न करणारी.

आपल्या घरातला शून्य

पण २०१९ च्या त्याच पाहणीत दुसराही आकडा आहे. घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६. हा आकडा दिल्लीने केलेला नाही. इंडियाने भारताचे श्रम फुकट धरले म्हणून आपण रस्ते अडवले. घरातल्या बाईचे श्रम फुकट धरून आपण तोच व्यवहार उंबऱ्याच्या आत करतो. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनापासून शेतकरी चळवळ हे बोलते आहे. सभेत टाळ्या पडतात आणि रात्री विषाचा सदरा खुंटीवरून धाकट्या सुनेकडे जातो. जो पंप पाठीवर घेतो त्याला त्या औषधाचे नाव माहीत असते, वास माहीत असतो. त्याचा सदरा त्यानेच धुवावा. यात बाईला मदत केल्याचा मोठेपणा नाही. ज्याने विष हाताळले त्याने ते निस्तरावे, एवढा साधा न्याय आहे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली: गावाच्या पाण्याच्या मापात कपडे धुण्याला माणशी किमान २० लिटर वेगळे दाखवावेत आणि विहिरीपासून लांब, सांडपाण्याच्या शोषखड्ड्यासह धुण्याचा ओटा प्रत्येक पाणीयोजनेत असावा. पट्टी आम्ही भरू. दुसरी: फवारणीच्या कपड्यांचा आणि त्यांच्या धुण्याचा खर्च कापसाच्या उत्पादनखर्चात धरावा. तिसरी कोणाकडे मागायची नाही. येत्या फवारणीपासून बैठकीला येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी एक बादली लाल रंगाने रंगवावी, फवारणीचे कपडे त्याच बादलीत पडावेत आणि ती बादली फवारणाऱ्यानेच उचलावी. पुढच्या बैठकीत किती बादल्या रंगल्या याचा आकडा गाववार द्यायचा आहे. तो आकडा घरातल्या बायांना विचारून आणावा.