विश्लेषण : बेअरिंग नंबर पाहून घ्यावे की काम पाहून?

वर्धा शहराला लागून असलेले सावंगी (मेघे) राज्यात ओळखले जाते ते रुग्णालय, वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयामुळे. त्याच वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट, देवळी, सेलू या पट्ट्यात दिवाळीनंतर जिनिंगचे रेचे दिवसरात्र फिरतात. दंतवैद्याच्या हातातले ड्रिल आणि कापसाचा रेचा यांचा एकमेकांशी काय संबंध? दोन्ही बेअरिंगवर फिरतात. दोन्हीकडे चुकीचे बेअरिंग बसले की काम थांबते. रेच्याच्या बाबतीत तर कधी आगही लागते. तरीही बहुतेक ठिकाणी बेअरिंगची खरेदी एकाच पद्धतीने होते : जुने दाखवायचे, तोच नंबर मागायचा आणि त्यातले स्वस्त उचलायचे. ही पद्धत अर्धीच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत नंतर मोजावी लागते.

नंबर नेमके काय सांगतो?

पंप, मोटार, मळणीयंत्र अशा अनेक यंत्रांत सापडणारे ६२०५ घ्या. पहिला ६ म्हणजे एका ओळीत छर्रे असलेले साधे बॉल बेअरिंग. पुढचा २ म्हणजे हलकी मालिका. शेवटच्या ०५ ला पाचने गुणले की शाफ्टचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. (गुणाकाराचा हा नियम ०४ पासून पुढे चालतो. ००, ०१, ०२, ०३ म्हणजे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटर.) ६३०५ सुद्धा २५ मिलिमीटरच्याच शाफ्टवर बसते, पण त्याचा बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२ मिलिमीटर असतो आणि ते बराच जास्त भार पेलते.

खरी गंमत नंबरच्या पुढे लिहिलेल्या अक्षरांत असते आणि दुकानात नेमकी तीच गळतात. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या. त्या मोठा कचरा अडवतात, बारीक धूळ किंवा पाणी नाही. ‘टूआरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘सी३’ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. तापणाऱ्या मोटारीत धातू फुगतो, तेव्हा ही मोकळीक कामाला येते. नको तिथे सी३ बसवले तर यंत्र खडखडते, हवे तिथे साधे बसवले तर ते गरम होऊन जाम होते. बिलावर मात्र दोन्हीकडे ‘६२०५, एक नग’ एवढेच लिहिलेले असते.

गणित काय सांगते?

बेअरिंगचे आयुष्य अंदाजाने नव्हे, हिशेबाने काढता येते. बेअरिंगची भारक्षमता भागिले प्रत्यक्ष भार, या उत्तराचा घन केला की दशलक्ष फेऱ्यांमध्ये आयुष्य मिळते. एका गटातली शंभरपैकी नव्वद बेअरिंगे तेवढे तरी टिकावीत, असा त्याचा अर्थ. ६२०५ ची क्षमता ढोबळमानाने १,४०० किलो धरा. भार २०० किलो असेल तर सातचा घन, म्हणजे ३४३ दशलक्ष फेऱ्या. मिनिटाला हजार फेऱ्यांनी ते सुमारे ५,७०० तास होतात. चोवीस तास चालणाऱ्या चार महिन्यांच्या हंगामाचे तास साधारण २,९०० भरतात. म्हणजे जवळपास दोन हंगाम निघाले.

आता फिटरने पट्टा गरजेपेक्षा ताणून बसवला आणि भार ४०० किलो झाला. भार दुप्पट, आयुष्य मात्र निम्मे नव्हे, एक अष्टमांश. ७१५ तास. महिनाही भरत नाही. मग ‘कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही’ असे म्हटले जाते. कधी ते खरेही असते, पण पट्ट्याकडे आधी पाहायला हवे.

काळ्या मातीचा काय संबंध?

हा मुद्दा विदर्भाने विशेष लक्षात घ्यावा. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता एका कापड गिरणीत यंत्रांची देखभाल पाहत होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती हलायची, त्यामुळे लांबलचक शाफ्टची रेषा बिघडायची आणि बेअरिंगे सतत फुटायची. त्यावर त्याने स्वतःला शाफ्टच्या रेषेत वळवून घेणारे दोन ओळींचे बॉल बेअरिंग शोधले. १९०७ मध्ये त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना पुढे पुण्यात चिंचवडलाही आला.

वर्ध्याची कापसाची काळी जमीन याच जातीची, किंबहुना जास्तच हट्टी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ असेल तर त्यावरच्या लांब शाफ्टचे दोन आधार एका रेषेत राहतील याची खात्री कोण देणार? साधे बॉल बेअरिंग एका अंशाचा छोटासा भागच तिरकेपणा सहन करते. स्वतः वळणारे बॉल बेअरिंग किंवा दुहेरी रोलरचे गोलाकार बेअरिंग एक-दोन अंश सांभाळून घेते. बाजारात सर्रास मिळणारे यूसीपी जातीचे पेडस्टल बेअरिंगही घरात थोडे वळते, पण ते बसवतानाचा तिरकेपणा सुधारण्यासाठी. चालताना सतत होणारी हालचाल त्याला झेपत नाही. लांब शाफ्ट, उथळ पाया आणि काळी जमीन असे त्रिकूट असेल तिथे जादा पैसे देऊन स्वतः वळणारे बेअरिंग घेणे ही चैन नव्हे. जे जिन मालक तिथे स्वस्त ‘तसेच दिसणारे’ बसवतात, ते बचत करत नाहीत, उधारी करतात.

जिनिंगमध्ये धोका जास्त का?

दुहेरी रोलरच्या रेच्याचा रोलर मिनिटाला शंभराच्या आसपास फिरतो, वेग काही मोठा नाही. अडचण आहे ती हवेत उडणाऱ्या तंतूंची. ते सीलच्या कडेला गुंडाळले जातात, ग्रीस शोषतात, बेअरिंग कोरडे पडून तापते आणि त्याच्याभोवती तेलकट कापसाची वात तयारच असते. रुई पेटली की आग गाठीत आतल्या आत धुमसत राहते, पाणी मारूनही लवकर कळत नाही.

त्यावर उपाय म्हणून भरमसाट ग्रीस भरले जाते. तेही घातकच. घरातल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत ग्रीस पुरे. जास्त भरले की ते घुसळले जाऊन स्वतःच तापते. तापमान हाताने पाहण्याची सवयही सोडायला हवी. फिरत्या पट्ट्याजवळ हात घालण्यापेक्षा तापमान दाखवणारी छोटी ‘गन’ बरी. रोज एका ठरलेल्या वेळी आकडा लिहिला आणि कालच्यापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त दिसला, तर बेअरिंग काहीतरी सांगते आहे.

मग दंतवैद्याच्या ड्रिलमध्ये काय असते?

सगळे उलटे. हवेच्या झोतावर फिरणारी ती छोटी टर्बाइन मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. भार जवळपास नाहीच. छर्रे मिलिमीटरभराचे. अनेक ड्रिलमध्ये ते पोलादाऐवजी सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचे असतात, कारण त्याचे वजन पोलादाच्या निम्म्याहून कमी आणि एवढ्या वेगात हलका छर्रा बाहेरच्या कड्यावर कमी दाबतो. शिवाय प्रत्येक रुग्णानंतर १३४ अंशांच्या वाफेत निर्जंतुकीकरण. तेल न घालता यंत्र वाफेत गेले की बेअरिंगचे दिवस भरलेच.

या ड्रिलच्या मागे स्विव्हल जोडही असतो. हवा आणि पाणी नेणारी नळी स्थिर राहते, पण हातातले यंत्र कुठेही वळवता येते. जोड जाम झाला तर डॉक्टरांच्या मनगटावर ताण येतो. आतली रबरी कडी झिजली तर दाब पडतो आणि ड्रिलचा वेग उतरतो. दोष बेअरिंगचा समजून टर्बाइन बदलली जाते, गळती मात्र तशीच.

स्विव्हल जोड निवडताना काय पाहावे?

नळीच्या आट्यांचा आकार जुळला म्हणजे जोड जुळला, हा सर्वांत मोठा गैरसमज. आतून काय वाहणार, किती दाबाने, किती तापमानाला आणि जोड सतत फिरणार की अधूनमधून वळणार, हे आधी विचारायला हवे. अधूनमधून वळण्यासाठी केलेला जोड सतत फिरणाऱ्या ड्रमवर लावला तर सील काही दिवसांत जाते. सीलचे काळे रबर दिसायला सारखेच असते, पण वाफेला चांगले असणारे ईपीडीएम खनिज तेलात फुगते आणि तेलाला चालणारे नायट्राइल वाफेत कडक होते. पाइपचे वजन जोडावर टांगून ठेवणे हीही नेहमीची चूक. पाइपला वेगळा आधार हवा.

गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये तेलाचा दाब २०० बार आणि त्याहून वर जातो. तिथे जोडातून किंवा नळीतून बारीक फवारा निघाला तर कामगार बोट लावून गळती शोधतो. हे थांबलेच पाहिजे. तो फवारा कातडीतून आत तेल सोडतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण काही तासांत हात सुजू लागतो आणि बोट गमावण्याची वेळ येते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधायची, तीही दाब उतरवता येत नसेल तरच. फवारा लागलाच तर मलमपट्टी करून घरी न जाता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठायचे आणि आत तेल गेले आहे हे डॉक्टरांना सांगायचे.

दोष फक्त खरेदीदाराचा आहे का?

नाही. यंत्र बनवणारे कोणत्या जागी कोणते बेअरिंग आहे याचा तक्ता पट्ट्याच्या जाळीच्या आतल्या बाजूला चिकटवू शकतात. फारच थोडे तसे करतात. संस्था आणि कार्यालयांच्या निविदेत ‘बेअरिंग, नग’ एवढेच लिहून सर्वांत कमी दर स्वीकारला जातो. पूर्ण नंबर, सील, मोकळीक आणि कंपनी लिहिली तरच दरांची तुलना होऊ शकते. बनावट मालाचा प्रश्न तर जगभर आहे. बेअरिंग उत्पादकांच्या जागतिक संघटनेला त्यासाठी स्वतंत्र मोहीम चालवावी लागते. एसकेएफ, शेफलर यांसारख्या कंपन्यांची माल तपासण्याची मोबाइल अॅप आहेत, ती पैसे देण्याआधी वापरायची.

आणि बसवणाऱ्याचे काय? शाफ्ट झिजून बेअरिंग सैल बसत असेल तर त्यावर पंचने ठिपके मारून ते घट्ट करण्याची कला प्रत्येक गावात आहे. हंगामात एक रात्र भागवायला ठीक. पण ते ठिपके चार दिवसांत दबतात आणि शाफ्ट आणखी खराब होतो. तो लेथवर भरून घासून घेणे हाच उपाय. शाफ्टवर बेअरिंग चढवताना हातोडा बाहेरच्या कड्यावर मारला की धक्का छर्ऱ्यांतून जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होते. जोर आतल्या कड्यावरच यायला हवा, त्यासाठी मापाचा पाइपचा तुकडाही पुरतो. गॅसच्या ज्योतीने तापवणे तर नकोच.

जुने बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून पाहिले तर पुढची खरेदी सोपी होते. छर्ऱ्यांची वाट कड्यावर तिरकी उमटली असेल तर शाफ्ट रेषेत नव्हता. लालसर गंज म्हणजे पाणी शिरले. वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवरच्या मोटारीच्या बेअरिंगमध्ये कधी कधी धुण्याच्या पाटीसारख्या समांतर रेघा दिसतात. तिथे वीज बेअरिंगमधून वाहिली आहे आणि त्याच नंबरचे दुसरे आणले तरी तेही तसेच जाणार.