घर शोधणाऱ्यास काय विचारावे?



भीमजयंतीच्या मंगल पर्वावर ही स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस नेहमीप्रमाणे आनंद होत आहे. संस्थेच्या वर्षभराच्या कार्याचा आढावा सचिवांच्या अहवालात आलेलाच आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. कार्यकारिणीच्या बैठकींत यंदा ज्या एका विषयाने सर्वांत अधिक वेळ घेतला, आणि ज्यावरून एकदोनदा आवाजही चढले, त्या विषयाकडे आम्हांस आपले लक्ष वेधावयाचे आहे. या देशात नव्याने येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना व कुटुंबांना घर शोधण्यास साहाय्य करील असे एक सॉफ्टवेअर आपल्याच तरुण मंडळींनी तयार करावयास घेतले आहे.

त्याची गरज काय, असे येथे नवे असताना दिवस काढलेल्या कोणासही विचारावे लागणार नाही. ऑगस्ट महिन्यात विद्यापीठे उघडतात आणि दोन बॅगा घेऊन मुले विमानतळावर उतरतात. या देशात त्यांच्या पतीचा काहीच पूर्वेतिहास नसतो, आधीच्या घरमालकाची चिठ्ठी नसते, आणि पहिल्या महिन्याचे भाडे व अनामत रक्कम मात्र आधी मोजावी लागते. छायाचित्रे पाठवून पैसे मागणारे भामटे असतात. पैसे पोहोचतात, घर अस्तित्वातच नसते. हे सर्व कोणत्याही परदेशी विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. आपल्या मुलांच्या वाट्याला याहून थोडे अधिक येते. गेल्या वर्षी विदर्भातून आलेल्या आपल्या एका विद्यार्थ्याने मराठी मंडळींच्या यादीत पाहून एका खोलीसाठी फोन केला. प्रथम भाडे ठरले. मग नाव झाले, मग आडनाव, मग गाव, मग ‘म्हणजे नेमके कोणते?’ हा प्रश्न, आणि शेवटी जेवणाखाण्याची चौकशी. दुसऱ्या दिवशी खोली ‘गेली’ होती. जाहिरात मात्र पुढे तीन आठवडे जशीच्या तशी होती.

म्हणून हे काम सुरू झाले. परंतु अर्जाचा पहिला नमुना बैठकीत आला तेव्हा त्यातही नाव, आडनाव, मूळ गाव, धर्म, वैवाहिक स्थिती, आहार असे रकाने ओळीने मांडलेले होते. कोणी मुद्दाम काही केले नव्हते. आजवर आपण सर्वांनी जे अर्ज भरले त्यांचीच ती नक्कल होती. याच देशात जन्मलेल्या आणि संगणकशास्त्र शिकत असलेल्या आपल्या एका मुलीने एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारले, “याचा उपयोग काय?” भाड्याच्या रकान्याचा उपयोग सांगता आला. बसथांब्यापासूनच्या अंतराचाही सांगता आला. ‘मूळ गाव’पाशी आल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे पाहू लागले. “तो सगळीकडे असतो,” एवढेच एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. ते सभासद प्रस्तुत संपादक मंडळापैकीच होते, हे सांगून टाकलेले बरे.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला आले तेव्हा त्यांनीही जागा बदलल्या. प्रथम हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉल. तेथे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होताना मात्र त्यांना जागा मिळेना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी तो प्रसंग सांगितला आहे. पारशी धर्मशाळेत जागा होती, पण ती पारशांसाठीच होती, आणि उतरणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे लागे. तेव्हा नोंदवहीपुरते पारशी नाव घेऊन त्यांना तेथे राहावे लागले. थोड्याच दिवसांनी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. दोन मित्रांकडे विचारणा केली; एकाने आपले नोकर निघून जातील असे सांगितले, दुसऱ्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. रात्रीच्या गाडीने बाबासाहेब मुंबईस परतले. ज्या समाजातील मित्राने न्यूयॉर्कमध्ये खोली वाटून घेतली, त्याच समाजातील माणसांनी बडोद्यास खोलीबाहेर काढले. म्हणून कोणा एका समाजाला येथे दोष द्यावयाचा नाही. आमचे लक्ष त्या नोंदवहीकडे आहे. तिच्यात नावाचा रकाना होता, आणि तो भरल्यावाचून खोली नव्हती.

आपली मंडळी जे करू पाहत आहेत ती आजची नोंदवहीच आहे, आणि ती कशी आखावी यावरून या देशातील न्यायालयांतही बराच खल झाला आहे. घरांच्या व्यवहारात वंश, वर्ण, धर्म वा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने मनाई केली. मालक स्वतः राहत असलेल्या लहान घरास त्यात काही सूट आहे. पण अशी पसंती जाहिरातीत छापण्यास ती सूट लागू नाही. रूममेट्स डॉट कॉम हे संकेतस्थळ आपल्या ग्राहकांना लिंग, लैंगिक कल आणि मुले आहेत काय, हे विचारी; उत्तर दिल्यावाचून पुढे जाताच येत नसे. लोक काय लिहितात त्यास आम्ही जबाबदार नाही, हा त्याचा बचाव २००८ साली अपील न्यायालयाने या प्रश्नांपुरता फेटाळला. प्रश्न तुम्ही तयार केले आणि उत्तर सक्तीचे केले, असे न्यायालयाचे म्हणणे होते. (पुढे २०१२ साली त्याच न्यायालयाने सहनिवासी निवडण्यास हा कायदा लागूच होत नाही असे ठरविले आणि दावा संकेतस्थळाच्या बाजूने संपला, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे.) फेसबुकवर घरांच्या जाहिराती कोणास दाखवू नयेत हे जाहिरातदारास ठरविता येते, त्यात काही वांशिक गटही वगळता येतात, हे २०१६ साली ‘प्रोपब्लिका’च्या पत्रकारांनी स्वतः तशी जाहिरात विकत घेऊन दाखविले. २०१९ साली गृहनिर्माण खात्याने त्या कंपनीवर आरोप ठेवले आणि २०२२ साली न्याय खात्याशी तडजोड होऊन जाहिरातींची पद्धत बदलावी लागली.

न विचारताही भेद करता येतो, हे याहून अवघड आहे. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यात बहुतेक लाल झाल्या. त्या नकाशांवर कोणा एका माणसाचे नाव नव्हते. आमच्या मंडळींनीही ‘सुरक्षित वस्ती’ दाखविणारा रंगीत नकाशा जोडण्याचे ठरविले होते. रेडफिन या घरविक्री कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये घरांच्या माहितीशेजारी गुन्ह्यांची आकडेवारी न देण्याचा निर्णय जाहीर केला होता, हे वाचनात आल्यावर तो बेत सोडला. बसमार्ग, रुग्णालय, किराणा आणि बर्फ कोण उचलतो याची माहिती तेवढी ठेवली.

आता वादाचा मुद्दा. आमच्या काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, धर्माचा रकाना ठेवावाच. नवख्या मुलाला निदान एवढे कळू द्या की हे घर आपल्या माणसाचे आहे, येथे कोणी गाव विचारणार नाही. हे म्हणणे आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. तीस वर्षांपूर्वी याच शहरात आपल्या एका कुटुंबाने स्वयंपाकघराच्या टेबलावरची यादी पाहून कित्येकांना निवारा दिला, आणि तेव्हा कोणी कायदा काढून पाहिला नाही. तरीही आमचे मत त्या बाजूस जात नाही. एक तर ‘फक्त बौद्धांसाठी’ अशी जाहिरात आपणच छापणार असू, तर ‘फक्त शाकाहारींसाठी’ असे छापणाऱ्यास कोणत्या तोंडाने बोलावे? दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्यापैकी कित्येकांनी कचेरीत व शेजारी आपली ओळख सांगितलेली नाही. तो त्यांचा अधिकार आहे. सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावास मनाई केली, परंतु कॅलिफोर्नियाचे तशाच आशयाचे विधेयक विधिमंडळात संमत होऊनही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले. अशा स्थितीत कोणाच्या तरी लॅपटॉपवर आपल्या माणसांची नावे, पत्ते आणि धर्म यांची यादी पडून राहणे म्हणजे काय, याचा विचार करावा. स्वयंपाकघरातली यादी कपाटात राहत असे. ही एका बटणाने जगभर जाते.

म्हणून मंडळींनी अर्ज पुन्हा आखला आहे. घराविषयी वाटेल तेवढे विचारावे, माणसाविषयी शक्य तितके थोडे. चाळणी घर शोधणाऱ्याच्या हाती राहील. भाडे, अंतर, कराराची मुदत, मुलांना जागा आहे काय, यांवरून तो घरे चाळील. घर देणाऱ्यास माणसे चाळता येणार नाहीत. स्वयंपाकघरात मांसाहार शिजविता येतो की नाही, हे घर देणाऱ्याने स्वतः आधी लिहावयाचे. शोधणाऱ्यास तो काय खातो हे कोणी विचारावयाचे नाही. यातूनही कोणी मनातला भेद साधून घेईल, हे आम्ही जाणतो. निदान नवख्याला फोनवरची ती उलटतपासणी टळेल. आरंभी दोन्ही बाजूंस फक्त पहिले नाव दिसेल. पत्ता व दूरध्वनी दोघांनी होकार दिल्यावर. घर मिळाल्यापासून तीस दिवसांत माहिती पुसली जाईल. संपूर्ण यादी एकत्र उतरवून घेण्याची सोय कोणासही नसेल, कार्यकारिणीस आणि संपादक मंडळासही नाही. घरे मात्र सर्वांना खुली असतील. शोधणारा बौद्धच असावा, अशी अट नाही.

विश्वासाचा प्रश्न रकान्याने सुटत नाही, तो माणसांनीच सोडवावा लागेल. यादीत येणारे प्रत्येक घर आपल्यापैकी कोणी तरी प्रत्यक्ष जाऊन पाहिलेले असावे, असे ठरले आहे. पाहून आल्यावर त्याने चार ओळी लिहावयाच्या: घर खरोखर आहे, दाराचे कुलूप चालते, हिवाळ्यात उष्णता पुरते, घर देणाऱ्याने काय काय विचारले. यातील शेवटची ओळ त्याच मुलीची सूचना आहे. ती ओळ कोणाचे नाव न घेता शोधणाऱ्यास दाखविली जाईल.

ऑगस्टपूर्वी हे काम चालू व्हावे अशी इच्छा आहे. त्यासाठी विद्यापीठे असलेल्या प्रत्येक गावी शनिवारी दोन तास देऊ शकतील अशी माणसे हवी आहेत. संगणकाचे ज्ञान आवश्यक नाही, मोटार असल्यास उत्तम. ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी आहे त्यांनीही कळवावे, मग ती दोन आठवड्यांपुरती का असेना. धर्माचा रकाना असावा असे ज्यांना वाटते त्यांनी आपले म्हणणे मे महिन्याअखेरपर्यंत लेखी पाठवावे. अर्ज अंतिम होण्यापूर्वी ते कार्यकारिणीपुढे वाचले जाईल आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत जसेच्या तसे छापले जाईल.

जयभीम!

— संपादक मंडळ