रक्त रयतेचें, अहवाल कोणाकडे ?

२०१८ सालची गोष्ट. आमच्या उमरेडकडील खेड्यांत एका मोठ्या संस्थेची मोटार आली. पांढरे डगले घातलेलीं चार माणसें उतरलीं, सातवीच्या मुलांच्या बोटांस सुई टोंचून रक्त घेतलें, इंग्रजी कागदावर आईबापांचे आंगठे उठविले, मुलांच्या हातांत बिस्किटाचा एकेक पुडा दिला आणि मोटार निघून गेली. "रिपोर्ट शाळेवर पाठवूं, गुरुजी," असें मला सांगितलें होतें. तो अद्याप यावयाचाच आहे. त्या वर्गांतील एक मुलगी आतां लग्नाची झाली. तिचा बाप परवां मला विचारीत होता, "गुरुजी, पोरीच्या रक्तांत तें सिकल निघालं होतं कां हो ?" मीं काय सांगणार ?

सिकलसेल हा रक्ताचा दोष आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक होतो व बहुधा धडधाकट असतो. पण वाहकाचें लग्न वाहकाशीं झालें, तर प्रत्येक खेपेस मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक. मग हाडें-सांधे ठणकणें, रक्त आटणें, वारंवार दवाखाना. तेव्हां तो कागद म्हणजे आमच्या मुलींच्या सोयरिकीचा कागद आहे.

आपल्या भागांत हा दोष आहे ही बातमी नवी नव्हे. नागपूरचे डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनीं १९५८ सालीं लॅन्सेट नांवाच्या विलायती नियतकालिकांत ती प्रसिद्ध केली. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजीं. मध्यें पासष्ट वर्षें गेलीं ! राज्य सरकारनें दरम्यान तपासणीचे कार्यक्रम काढले, औषधेंहि दिलीं, हें कबूल केलें पाहिजे. पण वऱ्हाड-नागपुरांतल्या लोकांच्या रक्तावर प्रबंध लिहून कैक जण विद्वान झाले, आणि ज्यांचें रक्त, त्यांस आपला दोष मात्र ठाऊक नाहीं, हें कसें काय ?

याचें उत्तर अनुदानाच्या रीतींत सांपडतें. आमच्या लोकांस वाटतें कीं सरकार विद्यापीठाला व दवाखान्याला पैसा देतें म्हणजे इमारत आणि पगार देतें. तो पैसा निराळा. संशोधनाचा पैसा योजनेवर मिळतो. प्राध्यापक किंवा डॉक्टर योजना लिहितो, ती दिल्लीस जाते, तेथें तज्ज्ञ ती तपासतात. रोगांसंबंधीं असेल तर १९११ सालीं निराळ्या नांवानें निघालेली वैद्यकीय संशोधन परिषद पैसा देते. इतर शास्त्रांस आतां २०२३ च्या कायद्यानें झालेलें अनुसंधान प्रतिष्ठान. पांच वर्षांत पन्नास हजार कोटी, असा या प्रतिष्ठानाचा आंकडा सांगितला गेला. त्यांतील मोठा हिस्सा मात्र सरकारबाहेरून यावयाचा होता. मंजूर रकमेचे पोटभाग पडतात : यंत्रें, रसायनें, मदतनिसांचे पगार, प्रवास, संस्थेचा वरखर्च. पैसा हप्त्यानें येतो. उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाहीं. आम्हां शाळामास्तरांस हें प्रमाणपत्र चांगलें ठाऊक आहे. खडू-झाडूच्या अनुदानासाठीं आम्हीहि तें भरून देतों.

आतां गोम पाहा. प्रमाणपत्रांत विचारतात कीं पैसा ठरल्या कामीं खर्च झाला काय. शेवटच्या अहवालांत विचारतात कीं निबंध किती छापले. खेड्यांतल्या बापाला मराठींत दोन ओळींचा निकाल मिळाला काय, यावर कोणाचा हप्ता अडल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. ज्या गोष्टीवर हप्ता अडत नाहीं ती गोष्ट कचेरींत कोणी करीत नाहीं, हें तीस वर्षांखालीं मीं शाळेंत शिकलों तेव्हां नव्हे, मास्तर झाल्यावर मला कळलें.

नियम नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. परिषदेचीं २०१७ चीं नीतितत्त्वें पाहा. संमतिपत्र माणसास कळेल त्या भाषेंत हवें, निरक्षर असल्यास त्रयस्थ साक्षीदार हवा, सात वर्षांवरील मुलालाहि विचारलें पाहिजे. प्रत्येक संस्थेंत नीतिसमिति असते. सात ते पंधरा सभासद, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि त्यांत एक जागा सामान्य माणसाची. सामान्य माणसाची ! ती खुर्ची कायम आहे, पण तिच्यावर कोण बसतो हें आमच्यापैकीं कोणास ठाऊक आहे ? डॉक्टरांच्या ओळखीचा वकील किंवा पेन्शनर बसला तरी नियम पाळला जातो. मग तेथें आशाताई कां नसावी ? जिल्हा परिषदेचा मास्तर कां नसावा ?

१८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें तक्रार मांडली कीं शेतकऱ्याच्या सारापट्टीचा पैसा वरच्या वर्गांच्या उंच शिक्षणांत जातो. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीवर नागपूर विद्यापीठाची तंत्रशास्त्र संस्था १९४२ सालीं निघाली. त्या पैशाचा मालक एक दाता होता. अनुदानाचे दाते आम्ही सारे. साबणाच्या वडीवर कर भरणारी मोलकरीणहि त्यांत आली.

कोणी म्हणेल, मास्तर संशोधनच बंद पाडणार. मुळींच नाहीं. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीनें आज कित्येक रोग्यांची कळ उणावते, तें संशोधनाचेंच फळ. ११ डिसेंबर २०२२ रोजीं पंतप्रधानांनीं चंद्रपूरच्या रक्तदोष संशोधन केंद्राचें लोकार्पण केलें, त्याचा मला आनंद आहे. हप्ता लांबला म्हणजे योजनेवरचे पोरगे बिनपगारी राबतात, तीं आपलींच पोरें असतात. माझें म्हणणें इतकेंच कीं प्रत्येक मंजूर रकमेंत निकाल घरोघर पोंचविण्याचा खर्च वेगळा धरावा, आणि तो पोंचल्याची सही ग्रामपंचायतीची असल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊं नये.

तोंवर आपण हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. २००५ च्या माहितीच्या कायद्याखालीं दहा रुपये भरून सरकारी संस्थेकडे योजनेचें नांव, मंजूर रक्कम व उपयोगिता प्रमाणपत्र मागतां येतें. आमच्या ग्रामसभेनें ठराव केला आहे कीं मराठी संमतिपत्राची प्रत, नीतिसमितीची मंजुरी आणि निकालाची तारीख लेखी घेतल्याशिवाय कोणासहि मुलांचें रक्त घेऊं देऊं नये. ज्या गांवास ठरावाची नक्कल हवी असेल त्यानें बेलाशक मागावी.

त्या मुलीस घेऊन तिचा बाप आणि मी सरकारी दवाखान्यांत जाऊन आलों. पुन्हां रक्त दिलें; या खेपेस कागद हातांत पडला. ती वाहक आहे. सोयरीक बोलणीवर आलेली आहे, आणि मुलाचें रक्त तपासून घ्या असें सोयऱ्यांस कोणत्या तोंडानें सांगावें, याचा विचार आम्ही दोघे करीत आहों.